डोंगरातल्या लेखक परिषदेला जाताना: फँटसी लिहिणाऱ्यांसाठी तयारीचा क्रम

फँटसी लिहिणारे बरेच जण लेखक परिषदेची तयारी उलट्या टोकाने सुरू करतात. आधी तिकीट, मग खोली, मग गरम कपडे, आणि हस्तलिखिताकडे वळतात ते शेवटच्या आठवड्यात. परिषद सपाटीवर असली तर हे एक वेळ निभावून जातं. डोंगरात निभावत नाही. तिथे पोचल्यावरचे पहिले दोन दिवस शरीर स्वतःसाठी मागून घेतं, आणि नेमकी त्याच दोन दिवसांत आपण संपादकाची भेट ठरवून बसलेलो असतो.

खालचा क्रम मी आधी स्वतः चुकून आणि मग इतरांना त्याच जागी चुकताना पाहून बसवला आहे. परिषदेला तीन महिने उरले असताना पहिला टप्पा सुरू करावा. वेळ कमी असेल तर प्रत्येक टप्पा थोडक्यात उरका, पण त्यांची अदलाबदल करू नका.

## टप्पा १: कशासाठी जाताय ते एका वाक्यात लिहा

परिषदेत साधारण चार गोष्टी चालतात: व्याख्यानं आणि चर्चासत्रं, एकमेकांची पानं वाचून मतं देणारे समीक्षा गट, संपादक किंवा लिटररी एजंटशी (लेखकाच्या वतीने हस्तलिखित प्रकाशकांपर्यंत नेणाऱ्याशी) दहा-पंधरा मिनिटांच्या वैयक्तिक भेटी, आणि वाचनाचे कार्यक्रम. चारही नीट जमवू पाहणारा थकून परततो. यातली एकच मुख्य धरा, बाकीच्या जमतील तशा.

निवड हस्तलिखिताच्या अवस्थेवर ठरते. पहिली कादंबरी अजून अर्धी असेल तर भेट मागू नका. नव्या कादंबरीकाराकडून पूर्ण हस्तलिखिताची अपेक्षा असते, आणि ‘पूर्ण झालं की पाठवा’ या उत्तरावर ती भेट संपते. अर्ध्या कादंबरीला समीक्षा गट जास्त उपयोगी पडतो. मसुदा पूर्ण असून दोनदा तरी सुधारून झाला असेल, तर भेटीची वेळ घ्या.

लांबीही आत्ताच पाहून घ्या. इंग्रजी प्रकाशनविश्वात प्रौढांसाठीच्या पहिल्या फँटसी कादंबरीची लांबी साधारण ९०,००० ते १,२०,००० शब्द धरली जाते. दीड लाखाच्या वर गेलेलं नव्या लेखकाचं हस्तलिखित अनेक जण उघडतही नाहीत. पाच खंडांची मालिका मनात असली तरी पहिला खंड स्वतःच्या पायावर उभा राहतो का हे तपासा. भेटीत तोच एक खंड मांडायचा आहे.

तपासणी: ‘मी या परिषदेत ___ साठी जात आहे आणि माझं हस्तलिखित ___ अवस्थेत आहे.’ दोन्ही रिकाम्या जागा भरता येत नसतील तर तिकीट काढू नका.

## टप्पा २: वेळापत्रक आणि उंची शेजारी ठेवून वाचा

सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यात होतं, म्हणून इथे सावकाश चला.

परिषदेच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची शोधा. रात्री झोपणार त्या जागेची उंची वेगळी असेल तर तीही लिहून ठेवा, कारण शरीराला झोपेची उंची जास्त जाणवते. १५०० मीटरच्या खाली फारशी चिंता नाही. १५०० ते २५०० मीटरमध्ये जिने चढताना धाप लागते, पहिल्या एक-दोन रात्री झोप तुटक लागते, काहींचं डोकंही दुखतं. २५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास बऱ्याच जणांना होतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही सुमारे एक-चतुर्थांशाने कमी.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की हा त्रास पोचल्या पोचल्या होत नाही. डोकेदुखी, मळमळ, थकवा, भूक मरणं ही लक्षणं बहुधा चढल्यानंतर ६ ते १२ तासांनी सुरू होतात. संध्याकाळी पोचलेला माणूस ताजातवाना असतो, स्वागत समारंभात हिंडतो, ‘मला काही होत नाही’ म्हणतो आणि दुसऱ्या सकाळी उशीवरून डोकं उचलवत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची भेट मुद्दाम मागून घेतली होती. एक रात्र झोप झाली की पुरे, असा माझा हिशेब होता. त्या दहा मिनिटांत मला माझ्याच नायिकेचं नाव दोनदा आठवावं लागलं. संपादक सभ्यपणे ऐकत होत्या. एका वर्षाच्या कामाची ती संधी मी एका चुकीच्या तारखेत घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिथून आणखी वर चढलं नाही, तर सौम्य त्रास एक ते तीन दिवसांत ओसरतो. म्हणून:

१. भेट आणि वाचन तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर मागा. अर्जात वेळ निवडायची सोय नसेल तर आयोजकांना लिहून विचारा. एवढी विनंती कोणी अवाजवी मानत नाही.
२. परिषद दोनच दिवसांची असेल तर दोन दिवस आधी पोचा.
३. खालून थेट २५०० मीटरच्या वर जाण्याऐवजी शक्य असेल तर मधल्या उंचीवर एक रात्र काढा.
४. जागा ३००० मीटरच्या वर असेल तर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा.
५. परतीच्या बाजूलाही एक दिवस मोकळा सोडा. दरड, बर्फ किंवा धुकं यांनी घाटरस्ता बंद पडला तर पुढचं सगळं कोलमडू नये.

सावधान: हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, गरोदरपण असेल किंवा पूर्वी उंचीचा त्रास झाला असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. उंचीसाठी ॲसिटाझोलामाइड नावाचं औषध दिलं जातं. ते घ्यायचं की नाही, किती आणि कधी, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. कोणत्या औषधांची ॲलर्जी आहे तेही त्यांना सांगा. पहिल्या एक-दोन रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा, त्यांनी झोपेतला श्वास आणखी मंदावतो. आणि तिथे असताना चालताना तोल जाऊ लागला, गोंधळल्यासारखं झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सत्र संपायची वाट न पाहता लगेच कोणाला तरी सोबत घेऊन खाली उतरा आणि वैद्यकीय मदत मिळवा.

## टप्पा ३: तीन कागद, याच क्रमाने

आधी सिनॉप्सिस (संपूर्ण कथेचा सारांश), मग पिच (भेटीत तोंडी सांगायची कादंबरीची थोडक्यात ओळख), मग सुरुवातीची पानं. बहुतेक जण पिचपासून सुरू करतात आणि आठवडाभर एकाच वाक्याशी झगडतात. सिनॉप्सिस लिहिताना कथेचा कणा आपोआप दिसतो, पिच त्यातूनच निघते.

सिनॉप्सिस. एक पान, सुमारे ५०० शब्द, वर्तमानकाळ, तृतीय पुरुष. शेवट सांगायचा, उत्सुकता म्हणून लपवायचा नाही. वाचणाऱ्याला कथा कुठे जाऊन टेकते तेच पाहायचं असतं. चार-पाचांपेक्षा जास्त पात्रांची नावं नकोत, बाकीच्यांना ‘तिचा भाऊ’, ‘सेनापती’ एवढं पुरे. जगाचा इतिहास एका वाक्यात बसवा.

पिच. फँटसीवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे स्वतः घडवलेले शब्द. असं काहीतरी ऐकायला मिळतं:

‘अर्वंदच्या सात पीठांपैकी तिसऱ्या पीठाची धारिणी मेघाक्षी हिला नीलस्फटिकाचं संतुलन बिघडल्याचं कळतं आणि उत्तरेकडचे छायावीर जागे होतात तेव्हा…’

ऐकणाऱ्याने पाच नवे शब्द पोटात घेतले, कथा अजून सुरूच झाली नाही. हीच कल्पना अशी सांगून पाहा:

‘नदीचा प्रवाह वळवू शकणाऱ्या एका मुलीला राजा दुष्काळी सुभ्यात पाठवतो. तिथे पाणी आणलं तर तिचं स्वतःचं गाव कोरडं पडणार आहे, आणि हे फक्त तिलाच माहीत आहे.’

एकही घडवलेला शब्द नाही, तरी जादू काय आहे, तिची किंमत काय आहे आणि कोणावर काय वेळ आली आहे हे तिन्ही कळलं. पिचमध्ये घडवलेले शब्द जास्तीत जास्त दोन ठेवा. कोण आहे, तिला काय हवंय, आड काय येतंय, आणि जादू वापरली तर काय गमवावं लागतं, या चार प्रश्नांची उत्तरं आली की थांबा. शेवटचा प्रश्न बहुतेक पिचमध्ये राहूनच जातो. जादूची किंमत नसेल तर पेचच उरत नाही, आणि अनुभवी संपादक पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

तुमच्या पुस्तकाच्या जवळची दोन पुस्तकं सांगायची तयारी ठेवा, शक्यतो गेल्या पाच वर्षांतली. सगळ्यांना माहीत असलेल्या महाग्रंथाशी तुलना करू नका, त्यातून तुमच्या वाचकाबद्दल काहीच समजत नाही. ‘असं अजून कोणी लिहिलंच नाही’ हेही म्हणू नका. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की तुमचं वाचन कमी पडतंय.

सुरुवातीची पानं. १२ पॉइंट साधा टंक, दुप्पट ओळअंतर, चारही बाजूंनी एक इंच समास, प्रत्येक पानावर नाव आणि पृष्ठक्रमांक. आयोजकांनी वेगळा नमुना दिला असेल तर तोच पाळा. दहा पानं मागितली असतील तर पहिली दहा द्या. ‘मधलं युद्ध चांगलं जमलंय’ म्हणून तिथली पानं काढून देऊ नका. नकाशा, राजवंशाची वेल, शब्दसूची घरी ठेवा.

प्रस्तावनेचं प्रकरण असेल तर ते खरंच लागतं का ते याच वेळी पाहा. हजार वर्षांपूर्वीच्या युद्धाने सुरू होणारी दहा पानं दिलीत, तर गट त्या युद्धाबद्दल बोलेल आणि तुमची नायिका कोणाला भेटणारच नाही.

तपासणी: फँटसी न वाचणाऱ्या एका माणसाला पिच तोंडी ऐकवा. दुसऱ्या दिवशी त्यालाच ती परत सांगायला लावा. त्याच्या सांगण्यातून जे गळलं ते जड होतं.

## टप्पा ४: इतरांची पानं निघण्यापूर्वी वाचून संपवा

समीक्षा गटाची पानं आधी पाठवली जातात. ती तिथे पोचून रात्री वाचू, असं ठरवणाऱ्यांचं वाचन होत नाही. उंचीवरच्या पहिल्या रात्री लक्ष लागत नाही. घरीच दोनदा वाचा: एकदा नुसतं वाचक म्हणून, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. समासात तीनच खुणा पुरतात. इथे गोंधळलो, इथे कंटाळलो, इथे पटलं नाही.

अनेक गट मिलफर्ड पद्धतीने चालतात. सगळे गोल बसतात, प्रत्येक जण ठरलेल्या मिनिटांत मत देतो, ज्याचं लेखन आहे तो तोवर गप्प राहतो आणि अगदी शेवटी बोलतो. हे गप्प राहणं फँटसी लिहिणाऱ्याला फार जड जातं. ‘ते सातव्या प्रकरणात उलगडतं’ हे वाक्य ओठांवर येतंच. येऊ द्या आणि वहीत लिहा. वाचकासमोर सातवं प्रकरण नव्हतं, आणि दुकानात पुस्तक चाळणाऱ्यासमोरही नसेल.

मतं उतरवताना दोन रकाने करा. डावीकडे वाचक कुठे अडखळला, उजवीकडे त्याने सुचवलेला उपाय. तिघे एकाच जागी अडखळले तर ती जागा नक्की कच्ची आहे. उपाय मात्र तिघांचे तीन असतील, आणि त्यातला एकही तुमच्या कामाचा नसेल. तो शोधणं तुमचं काम.

## टप्पा ५: बॅग

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरतं, तेवढं धरून एकावर एक घालता येतील असे थर घ्या. वर अतिनील किरणंही वाढतात, तेव्हा ढगाळ दिवस असला तरी सनस्क्रीन आणि गॉगल लागतो. बूट नवे नकोत.

लेखकाच्या वस्तूंकडे जास्त लक्ष द्या:

- पिच, सिनॉप्सिस आणि पानं यांच्या दोन छापील प्रती. दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क असेल यावर विसंबू नका. सगळ्या फायली फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.
- फाउंटन पेन नेत असाल तर शाई पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या. वर जाताना अर्ध्या भरलेल्या पेनमधली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. सोबत दोन पेन्सिली असू द्या.
- थंडीत बॅटरी भराभर उतरते. फोन आणि पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते, आणि १०० वॅट-तासांपर्यंतची सहसा वेगळ्या परवानगीशिवाय चालते.
- पाण्याची बाटली. डोंगरातली हवा कोरडी असते, वाचनाच्या वेळी घसा बसतो.

## टप्पा ६: पोचल्यानंतरचे तीन दिवस

पहिला दिवस. सामान ठेवा, सभागृह कुठे, भेटीची खोली कुठे आणि मध्ये किती जिने आहेत ते पाहून या. टेकडीवरच्या देखाव्याला जाऊ नका, तो तीन दिवसांनीही तिथेच असेल. लवकर झोपा.

दुसरा दिवस. व्याख्यानं ऐका, समीक्षा गट असेल तर त्यात बसा. संध्याकाळी पिच मोठ्याने म्हणा आणि घड्याळ लावा. घरी ९० सेकंदांत बसलेली पिच इथे जास्त वेळ घेईल, कारण श्वास लवकर संपतो. लांब वाक्यं तोडा. शब्द कमी करण्यापेक्षा पूर्णविराम वाढवणं सोपं पडतं.

तिसरा दिवस, भेट. पाच मिनिटं आधी पोचून शांत बसा, जिने चढून थेट आत शिरू नका. दहा मिनिटांतली पहिली दीड तुमची, उरलेली समोरच्याच्या प्रश्नांसाठी. ‘पूर्ण आहे का, किती शब्द, मालिका आहे का, कोणत्या वयाचा वाचक’ यांची उत्तरं एका वाक्यात द्या. तुमचाही एक खरा प्रश्न तयार असू द्या. पिच संपल्यावर गप्प बसता येणं महत्त्वाचं आहे. शांतता पसरली की लेखक जगाचा इतिहास सांगू लागतो, आणि जमलेलं बिघडतं.

पानं मागितली तर किती, कोणत्या स्वरूपात, कोणत्या पत्त्यावर, हे तिथल्या तिथे लिहून घ्या. हस्तलिखिताचा गठ्ठा हातात देऊ नका. जेवणाच्या रांगेत गाठून पुन्हा पिच ऐकवू नका. जेवताना त्यांना वाचनाबद्दल, कामाबद्दल विचारा, तिथे तुम्ही लेखक म्हणूनच लक्षात राहाल.

## टप्पा ७: डोंगराची नोंदवही

हा टप्पा बहुतेकांच्या यादीत नसतो. आपण डोंगर, खिंडी, किल्ले यांबद्दल शेकडो पानं लिहितो, आणि खऱ्या डोंगरात चार दिवस असताना सभागृहात बसून राहतो. तिसऱ्या दिवसानंतर, अंग सरावलं की, रोज एक तास बाहेर काढा. वही न्या आणि एवढं तरी टिपा:

- चाल. चालीच्या अंदाजासाठी गिर्यारोहक नेस्मिथचा नियम वापरतात: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे २० किलोमीटर अंतर आणि १२०० मीटर चढ असेल तर सहा तास, तेही न थांबता, ओझं नसताना. आता तुमच्या कादंबरीत सैन्य एका दिवसात खिंड ओलांडतं का ते पाहा. गाड्या, जनावरं आणि जखमी यांच्यासह ते दुप्पट वेळातही निघणार नाही.
- ऊन. खोल दरीत सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर बुडतो. तुमच्या गावाचं पीक, चुली, सण यावर बसतात का?
- वारा. निरभ्र दिवसांत दुपारी वारा बहुधा दरीतून वर चढतो आणि रात्री थंड हवा खाली उतरते. धूर आणि वास कुठल्या बाजूला जाईल, पहारेकऱ्याच्या कुत्र्याला कधी कळेल, हे त्यावर ठरतं.
- पाऊस. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू ओली, पलीकडची कोरडी. नकाशात पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांना घनदाट अरण्य काढलं असेल तर कारण शोधा.
- नद्या. उताराने येताना त्या एकमेकींना मिळतात. त्रिभुज प्रदेश सोडला तर एका नदीच्या दोन होऊन वेगवेगळ्या समुद्रांना जाणं फार क्वचित घडतं. काल्पनिक नकाशांत मात्र हे सतत दिसतं.
- स्वयंपाक. ३००० मीटरवर पाणी साधारण ९० अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळी शिजायला बराच वेळ आणि जळण जास्त लागतं. डोंगरी किल्ल्याच्या वेढ्यात हा तपशील सोन्यासारखा आहे.
- अंग. स्वतःची धाप, कोरडे ओठ, तुटक झोप, वाक्य मध्येच सोडून श्वास घेणं. दुसऱ्या दिवशीचा त्रास वाया घालवू नका, हलकं वाटलं की लगेच उतरवून काढा. सपाटीवरून आलेला तुमचा दूत राजसभेत पहिल्या दिवशी असाच बोलेल.

तपासणी: नोंदींपैकी तीन तरी तुमच्या कुठल्या प्रकरणाला लागू आहेत ते तिथेच समासात लिहा. घरी आल्यावर नुसत्या सुंदर वर्णनांचा उपयोग होत नाही.

## टप्पा ८: परतल्यावर

पहिल्या दोन दिवसांत नोंदी स्वच्छ लिहून काढा. कोण काय म्हणालं हे आठवडाभरात पुसट होतं. समीक्षा गटाच्या मतांवर मात्र लगेच कात्री चालवू नका. दोन आठवडे जाऊ द्या, मग डावा रकाना उघडा.

ज्यांनी पानं मागितली त्यांना ती आठवड्याभरात पाठवा. ज्या मसुद्याच्या जोरावर मागणी आली तोच पाठवायचा आहे. शुद्धलेखन तपासा, नावांचं लेखन सगळीकडे सारखं करा, बस. मोठा बदल खरंच करायचा असेल तर तसं एका ओळीत कळवून नवी तारीख द्या, गप्प राहू नका. ईमेलच्या विषयाच्या ओळीत ‘मागवलेली पानं’, कादंबरीचं नाव आणि परिषदेचं नाव लिहा. मजकुरात भेटीचा दिवस एका वाक्यात सांगा, त्याखाली पिच चिकटवा, सिनॉप्सिस आणि पानं सांगितलेल्या स्वरूपात जोडा. पाठवण्यापूर्वी जोडलेली फाईल एकदा दुसऱ्या फोनवर उघडून पाहा. टंक बदलला की देवनागरीतली जोडाक्षरं फुटतात.